ई-पुस्तकांची देवघेव

गेल्या वैशाखात आमच्या गल्लीतल्या एका जिभाऊंच्या हातात मी माझे वाचनयंत्र, म्हणजे किंडलसारखे ई-पुस्तके वाचायचे यंत्र, दिले. जिभाऊंचे वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची राहिलेली. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयाचे ते जुने वर्गणीदार. पण गेल्या तीन वर्षांत त्यांच्या नावावर एकही पुस्तक चढलेले नव्हते. वर्गणी मात्र ते दर वर्षी न चुकता भरत होते. वाचनालयाचा चिटणीस या नात्याने नोंदवहीतले त्यांचे कोरे पान माझ्या नजरेस पडत असे आणि त्याचे कारणही मला माहीत होते. यंत्रावर साने गुरुजींचे लेखन उघडून मी अक्षरे एकेक पायरी मोठी करत गेलो. सहाव्या की सातव्या पायरीवर एका ओळीत जेमतेम चार शब्द मावू लागले, तेव्हा त्यांनी माझा हात थांबवला. ‘‘आते चांगलं दखास, भाऊ,’’ असे म्हणून त्यांनी खाट निंबाच्या सावलीत ओढली आणि पुढचा पाऊण तास पान उलटण्यापुरता अंगठा हलवण्यापलीकडे ते हलले नाहीत. यंत्र परत देताना त्यांनी एवढेच विचारले, ‘‘हाई घर लई जावाले भेटी का?’’

ते यंत्र माझे स्वतःचे होते, म्हणून मी त्यांना ते घरी नेऊ दिले. पण त्यांचा प्रश्न मला विचारलेला नव्हता, वाचनालयाला विचारलेला होता, आणि वाचनालयाचे उत्तर ‘नाही’ असेच होते. आमच्याकडे छापील पुस्तक घरी नेता येते, त्याची नोंद होते, मुदत संपली की ते परत येते आणि पुढच्या वाचकाकडे जाते. ई-पुस्तकाच्या बाबतीत यातले काहीही घडू शकत नाही. ते कुणी तरी एकट्याने, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या खात्यावर घ्यायचे आणि एकट्यानेच वाचायचे, अशी आजची व्यवस्था आहे.

ई-पुस्तकांविषयी मराठीत जी चर्चा होते ती बहुतेक वेळा कागद की पडदा एवढ्यावरच फिरत राहते. एक बाजू कागदाच्या वासाविषयी आणि स्पर्शाविषयी बोलते, दुसरी खिशात मावणाऱ्या हजार पुस्तकांविषयी. दोन्ही बाजूंचे अनुभव खरे आहेत. पण दोन्ही बाजू अशा वाचकाला गृहीत धरतात ज्याला दोहोंपैकी हवे ते विकत घेता येते. आमच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतला सर्वसाधारण वाचक तसा नाही. माझे म्हणणे असे आहे की, ई-पुस्तक ही केवळ खासगी खरेदीची वस्तू राहिली, तर ज्यांना तिचा सर्वांत जास्त उपयोग आहे त्यांच्यापर्यंत ती पोहोचणारच नाही. आणि म्हणून वाचनयंत्रे व त्यांवर वाचण्याजोगी मराठी पुस्तके सार्वजनिक वाचनालयांच्या देवघेवीत आणणे, ही शासनाची, प्रकाशकांची आणि आम्हा वाचनालय चालवणाऱ्यांचीही आजची जबाबदारी आहे.

खान्देशात वाचन वाढले ते देवघेवीमुळे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. जळगावचे वल्लभदास वालजी (व. वा.) वाचनालय किंवा धुळ्याचे गरुड वाचनालय यांसारख्या जुन्या संस्थांनी जे केले तेच गावोगावच्या लहान वाचनालयांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे केले. साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाचे काम पाहत होते. मुलांसाठी त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक चालवले. ज्या मुलाला पुस्तक विकत घेणे शक्य नाही त्याच्या हाती ते पडले पाहिजे, ही जाणीव या मातीत फार जुनी आहे. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने वाचनालयांना मान्यता आणि अनुदान यांची चौकट दिली, त्याखालच्या नियमांनी अ-ब-क-ड असे उतरते वर्ग ठरवले, आणि ज्या गावात पुस्तकाचे दुकान कधीही निघणार नव्हते तिथे निदान एक कपाटभर पुस्तके आली. अमळनेरला १९५२ मध्ये साहित्य संमेलन झाले आणि त्यानंतर थेट २०२४ च्या फेब्रुवारीत सत्त्याण्णवावे संमेलन झाले. त्या दुसऱ्या संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात मी तिन्ही दिवस फिरलो. खेड्यांतून आलेली कितीतरी माणसे पुस्तक उचलून चार पाने वाचत, मलपृष्ठावरची किंमत पाहत आणि ते जागच्या जागी नीट ठेवून देत. साडेतीनशे रुपयांची कादंबरी ही कापूस वेचणाऱ्या बाईच्या दिवसभराच्या मजुरीएवढी पडते. या माणसांना वाचायचे नव्हते असे कुणी म्हणू नये.

आता यंत्राविषयी. ज्याला बहुतेक लोक किंडल या एकाच नावाने ओळखतात, त्या प्रकारच्या वाचनयंत्राचा पडदा मोबाइलच्या पडद्यापेक्षा मुळातच वेगळा असतो, आणि हा फरक समजल्याशिवाय या विषयावर बोलणे व्यर्थ आहे. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. वाचनयंत्राच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे कण भरलेले असतात. त्यांवर परस्परविरुद्ध विद्युत्भार असल्यामुळे विजेच्या संकेताने कधी काळे कण वर येतात, कधी पांढरे, आणि एकदा वर आलेले कण वीज न घेता तिथेच राहतात. म्हणजे वीज खर्च होते ती पान बदलताना. पान वाचत असताना नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हे तंत्र विकसित झाले, त्यासाठी १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली, आणि २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडल बाजारात आणल्यावर ते जगभर पसरले. कागदाप्रमाणेच हा पडदा बाहेरच्या उजेडात वाचला जातो. ऊन जितके लख्ख तितकी अक्षरे स्पष्ट. अंधारात वाचण्यासाठी कडेने दिव्यांचा मंद उजेड पडद्यावर पाडलेला असतो, तो वाचकाच्या डोळ्यांवर थेट येत नाही. एकदा चार्ज केले की यंत्र आठवडेच्या आठवडे चालते.

आमच्याकडे या गुणांची किंमत शहरातल्यापेक्षा जास्त आहे. शेतीपंपाला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज मिळते, तेव्हा रात्रीच्या पाळीत माणूस विहिरीवर बसून असतो. पाण्याचे बारे बदलण्याच्या मधल्या वेळात वाचायचे तर छापील पुस्तकासाठी बॅटरी धरायला एक हात अडकतो. आमच्या वाचनालयाचा एक तरुण शेतकरी सभासद हरभऱ्याला पाणी भरताना माझे हेच यंत्र घेऊन जात असे आणि त्याने अशा अकरा रात्रींत एक जाडजूड चरित्र संपवले. जळगाव-भुसावळकडे रोज अपडाऊन करणाऱ्यांचेही तेच; पॅसेंजरमध्ये उभ्याने, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताने पाव शेराहून हलके यंत्र धरता येते. अडचणी नाहीत असे नाही. माझ्या यंत्राच्या माहितीपत्रकात ते ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापरावे असे म्हटले आहे आणि भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे भर दुपारी ते पत्र्याच्या खोलीत ठेवून चालत नाही. धूळही त्याच्या जोडणीच्या खाचेत बसते. पण वाळवी त्याला लागत नाही, आणि ज्याने वाळवीने खाल्लेले पुस्तकांचे कपाट उघडले आहे त्याला या वाक्याचे वजन कळेल.

मोबाइलवर वाचता येत असताना वेगळ्या यंत्राचा खर्च कशाला, असे मला अनेकांनी विचारले आहे. त्यांनी एकदा आमच्या वाचनालयाला जोडलेल्या अभ्यासिकेत येऊन बसावे. तिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली सकाळी सहापासून असतात. मी त्यांच्यातल्या एका मुलाला इतिहासाचे चारशे पानी पुस्तक मोबाइलवर वाचताना पाहिले. ते पुस्तक म्हणजे छापील पानांची जशीच्या तशी काढलेली पीडीएफ होती. पान पूर्ण दिसेल असे ठेवले तर अक्षर मोहरीएवढे, आणि दोन बोटांनी मोठे केले तर ओळीचा अर्धाच भाग पडद्यावर. म्हणून तो प्रत्येक ओळ अर्धी वाचून पान डावीकडे सरकवी, उरलेली अर्धी वाची, मग पुन्हा उजवीकडे आणून दुसरी ओळ शोधी. एका पानाला तीस-पस्तीस ओळी. मधेच वरून कुणाचा निरोप खाली उतरे, तो बोटाने दूर सारला की आधीची ओळ हरवे. मी घड्याळ लावून पाहिले. तीन पानांना त्याला एकोणीस मिनिटे लागली. या मुलाच्या चिकाटीला काय म्हणावे ते मला सुचत नाही. पण जी व्यवस्था त्याला असे वाचायला लावते तिला मी ई-वाचन म्हणणार नाही.

पडद्यावर वाचलेले कमी उमगते, हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो झटकून टाकू नये. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठातले पाब्लो डेलगाडो आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र तपासले होते. त्यांत १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांचा समावेश होता. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, आणि वेळेची मर्यादा असेल तर हा फरक वाढतो, असे त्यांना आढळले. त्याच वेळी केवळ कथनात्मक मजकुराच्या बाबतीत कागद आणि पडदा यांत तसा फरक आढळला नाही. मी यावरून एवढे घेतो की परीक्षेच्या अभ्यासासाठी, नकाशे-तक्त्यांच्या पुस्तकांसाठी आणि लहान मुलांच्या पाठ्यपुस्तकांसाठी कागद हटवण्याचा विचारही करू नये. कथा, कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन यांची गोष्ट निराळी आहे, आणि गावच्या वाचनालयातून घरी जाणारी बहुसंख्य पुस्तके याच प्रकारची असतात, हे आमची देवघेव नोंदवही दर महिन्याला सांगते. शाळेतल्या मुलांना सरसकट टॅबलेट वाटावेत, या मागणीशी मी सहमत नाही. त्यातून वाचनाला फार थोडे मिळते.

यंत्र चांगले असून भागत नाही, त्यावरचे पुस्तकही नीट असावे लागते. आणि इथे मराठी प्रकाशन व्यवसायाची स्थिती चिंताजनक आहे. किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे २०१६ च्या डिसेंबरात आली. तोपर्यंत मराठी अक्षरजुळणी संगणकावर सुरू होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. पण ती जुळणी बहुतांशी श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींत झाली, ज्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो पण संगणकाच्या लेखी तिथे भलतेच चिन्ह साठवलेले असते. युनिकोड या जगभर समान असलेल्या अक्षरसंकेतात देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या आपल्या अक्षराला सोडून शेजारच्या अक्षराला चिकटतात, आणि ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा र, जो मराठीत पदोपदी येतो, हमखास बिघडतो. मी विकत घेतलेल्या एका ई-पुस्तकात पहिल्या प्रकरणातच असा र सतरा ठिकाणी चौकट होऊन बसला होता. जिभाऊंना ते पुस्तक दिले असते तर त्यांनी दोन पानांनंतर यंत्र बाजूला ठेवले असते आणि दोष स्वतःच्या डोळ्यांना दिला असता. छापील पुस्तकाचे मुद्रितशोधन करणारा प्रकाशक ई-आवृत्तीचे मुद्रितशोधन करत नाही, कारण तिची विक्री थोडी. आणि विक्री थोडी राहते, कारण ती वाचताना ठेच लागते. हे चक्र कुठे तरी एकरकमी खरेदीनेच तुटू शकते. शेकडो वाचनालयांनी शुद्ध, अक्षरे लहान-मोठी होणाऱ्या स्वरूपातले ई-पुस्तक मागितले, तर ते तयार करणे प्रकाशकाला परवडेल.

मात्र वाचनालयाने ई-पुस्तक घ्यायचे म्हणजे नक्की काय घ्यायचे, हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे. छापील प्रत एकदा विकली गेली की तिचे पुढे काय करायचे ते घेणारा ठरवतो. ती शेजाऱ्याला द्यावी, लेकीबरोबर सासरी पाठवावी, वाचनालयाला भेट द्यावी, रद्दीच्या दुकानात विकावी. प्रकाशक मधे येत नाही. आमच्या वाचनालयातली निम्मी पुस्तके अशीच कुणाच्या तरी घरातून आलेली आहेत. ई-पुस्तकाच्या खरेदीत बहुधा पुस्तक मिळतच नाही, ते वाचण्याची सशर्त परवानगी मिळते. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून त्यांना न विचारता काढून टाकल्या, कारण त्या विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते असे नंतर लक्षात आले; पैसे परत दिले गेले आणि कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली, पण विकत घेतलेले पुस्तक कपाटातून परस्पर नेता येते हे जगाला त्या दिवशी कळले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा तिथून घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले. वाचनालयाने पैसे परत घेऊन काय करायचे? आमच्या दाखल नोंदवहीत पहिल्या पानावरचे पुस्तक आजही कपाटात आहे, आणि ते तिथे असणे हेच वाचनालयाचे काम आहे.

अमेरिकेत आणि युरोपात सार्वजनिक वाचनालये ई-पुस्तके सभासदांना ठरावीक दिवसांसाठी देतात. मुदत संपली की फाइल आपोआप बंद होते आणि रांगेतल्या पुढच्या वाचकाला मिळते. ही पद्धत चांगली आहे, पण तिच्यातला एक धोका आपण आधीच ओळखला पाहिजे. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने अशी अट घातली की वाचनालयाने घेतलेले ई-पुस्तक २६ वेळा दिले गेले की परवाना संपेल आणि ते पुन्हा विकत घ्यावे लागेल. छापील पुस्तकही फाटते, हे त्यामागचे कारण होते. ड वर्गाच्या ज्या वाचनालयाचे वर्षाचे अनुदान हजारांत मोजले जाते, त्याच्यावर असा आवर्ती खर्च लादला तर ते दुसऱ्याच वर्षी बाहेर पडेल. म्हणून राज्याने प्रकाशकांशी एकत्रित करार करावा, त्यात परवाना कायमचा असावा, एका वेळी एक वाचक ही अट मान्य करावी, आणि त्या बदल्यात प्रकाशकाला व लेखकाला रास्त, वेळेवर मोबदला मिळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रकाशकांची भीती मला अनाठायी वाटत नाही. आज नव्या मराठी पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून फिरू लागली की तिला थांबवता येत नाही, आणि हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकाचे त्यात खरेखुरे नुकसान होते. आमच्या वाचनालयाच्या गटावर अशी फाइल आली की मी ती काढून टाकतो आणि टाकणाऱ्याला फोन करून समजावतो. बहुतेकांचे उत्तर एकच असते: ‘‘मग कुठून वाचू, नाना?’’ आणि ‘आपल्या वाचनालयातून रीतसर घेऊन वाच’ असे मला म्हणता येत नाही, कारण ते पुस्तक आमच्याकडे कागदावरही नसते आणि यंत्रावरही नसते. चोरीची ही वाट बंद करायची असेल तर शेजारून दुसरी, सरळ वाट काढून दिली पाहिजे. कररचनेनेही इथे उलटाच संकेत दिला: छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, ई-पुस्तकावर २०१७ मध्ये तो १८ टक्के लावला गेला, आणि २०१८ मध्ये छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांपुरता ५ टक्क्यांवर आणला गेला. मजकूर तोच, लेखक तोच. वाचणाऱ्याने कागद निवडला की यंत्र, यावरून कर ठरावा हे पटण्यासारखे नाही.

सुरुवात करायला मात्र करारांची वाट पाहण्याचे कारण नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचे लेखन मुक्त आहे. धरणगावात जन्मलेले बालकवी १९१८ मध्ये गेले, इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली प्रकाशने संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत आणि ज्या मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आमच्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे, तो विश्वकोशही महाजालावर खुला आहे. मराठी विकिस्रोतावर जुने ग्रंथ पानापानाने टंकून, तपासून ठेवण्याचे काम स्वयंसेवक करत आहेत. कायद्याची २०१२ ची दुरुस्ती ना-नफा सार्वजनिक वाचनालयाला, स्वतःकडे असलेल्या छापील पुस्तकाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा देते, आणि दृष्टिबाधितांसाठी वाचनसुलभ प्रत तयार करण्याचीही. जिभाऊंसारख्यांसाठी ही तरतूद किती मोलाची आहे, हे आमच्या कितीतरी वाचनालयांच्या कार्यकारिणीला ठाऊकच नाही.

आणि जतन म्हटले की आम्हा खान्देशवासीयांना अहिराणीचा विचार करावाच लागतो. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली १८ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा नोंदवली. त्या भाषेतली पुस्तके निघतात ती बहुधा लेखकाने पदरमोड करून, तीनशे-पाचशे प्रतींत, तालुक्याच्या छापखान्यातून. आणि लेखक गेला की उरलेल्या प्रती त्याच्या घराच्या माळ्यावर. माझ्याकडे ओव्यांचा एक अहिराणी संग्रह आहे, ज्याची दुसरी प्रत मला आठ वर्षांत कुठल्याही वाचनालयात दिसली नाही. पुन्हा छापायला कोणी पुढे येणार नाही, कारण तेवढा खप नाही. ई-पुस्तकाला किमान प्रतींची अट नसते; एक वाचक असला तरी ते असू शकते, आणि साक्री-बागलाणपासून ते पोटासाठी माणसे गेली त्या सुरत-कल्याणपर्यंत जिथे-जिथे अहिराणी बोलणारा माणूस आहे तिथे ते त्याच दिवशी पोहोचू शकते. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा केली आणि त्यांच्या पश्चात धुळ्यात १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. आज तशाच फेरीची गरज माळ्यांवर पडलेल्या या पुस्तकांसाठी आहे. वारसांची लेखी परवानगी घ्यायची, मजकूर युनिकोडमध्ये टंकायचा, तो लेखकाच्या गावच्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायचा. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या आमच्या विद्यापीठाने हे काम अंगावर घ्यावे, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून ते सहज होण्यासारखे आहे. नंदुरबारमध्ये प्रश्न अधिक बिकट आहे. २०११ मध्ये त्या जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी होती, आणि घरात भिली, पावरी किंवा कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेतले गोष्टीचे पुस्तक कागदावर मिळणे दुरापास्त आहे. तिथे यंत्राने वाचून दाखवलेली गोष्ट आणि समोर दिसणारी अक्षरे यांची जोड उपयोगी पडेल, असे मला वाटते. पण त्यासाठी आधी त्या भाषांतला मजकूर तयार हवा, आणि तो तिथल्याच शिक्षकांनी लिहिलेला हवा.

आमच्या कार्यकारिणीने गेल्या दिवाळीनंतर ठराव करून तीन यंत्रे घेतली. एकेक साधे वाचनयंत्र दहा हजारांच्या आसपास पडले. ही रक्कम देणगीतून आली, अनुदानातून आली नाही. पाचशे रुपये अनामत, पंधरा दिवसांची मुदत, यंत्र उलटे टेबलावर ठेवू नये आणि उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नये अशा सूचनांची चिठ्ठी. प्रत्येकावर मुक्त साहित्यातली, आम्ही स्वतः तपासलेली चाळीस पुस्तके. पहिल्या चार महिन्यांत ती तिन्ही यंत्रे एक दिवसही कपाटात राहिली नाहीत, आणि ती नेणाऱ्यांत साठीच्या पुढचे वाचक निम्म्याहून अधिक होते. जिभाऊंच्या नावावरचे पान आता अर्धे भरले आहे.

वार्षिक तपासणीच्या वेळी मात्र अडचण उभी राहिली. यंत्रे कुठल्या वहीत लिहायची याला नियमात उत्तर नव्हते. अखेर ती जडवस्तू नोंदवहीत, पंखे आणि खुर्च्या यांच्याखाली चढवली गेली. त्यांतल्या पुस्तकांना दाखल क्रमांक मिळाला नाही, त्यामुळे ती आमच्या ग्रंथसंख्येत धरली गेली नाहीत, आणि चार महिन्यांत झालेल्या त्यांच्या देवघेवीची एकही नोंद वार्षिक अहवालाच्या कोष्टकात बसली नाही. ज्या वाचनालयाचा वर्ग आणि अनुदान या दोन आकड्यांकडे पाहून ठरतात, त्याने पुढच्या वर्षी यंत्रांवर पैसे खर्च करावेत असे मी कार्यकारिणीला कोणत्या तोंडाने सांगू? दाखल नोंदवहीत ई-पुस्तकासाठी एक रकाना आणि देवघेवीच्या कोष्टकात एक ओळ, एवढा बदल एका शासन निर्णयाने होऊ शकतो, आणि मार्चअखेरच्या आत तो व्हावा यासाठी तालुक्यातल्या सात वाचनालयांच्या सह्यांचे निवेदन आम्ही तयार केले आहे.